सोमवारी काढणे

४ जून

प्रिय मामा,

फोन करत नाही, मेल लिहिते. मागच्या खेपेला "मला नोकरी लागली" हे तुला ऐकू जावं म्हणून मी इतकी ओरडले की जिन्यातल्या तिन्ही बिऱ्हाडांनी माझं अभिनंदन केलं, आणि तू मात्र "बरं, तब्येत सांभाळ" म्हणून फोन ठेवून दिलास. शिवाय आमची खोली तळघरात आहे आणि तिथे मोबाइलला रेंज नाही. वायरलेसचं काम करणारी बाई रेंज नसलेल्या खोलीत बसते, यावर इथे रोज कोणीतरी विनोद करतंच. हल्ली तो मीच आधी करून टाकते.

अडलंय म्हणून लिहितेय. हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत बेचाळीस ॲक्सेस पॉइंट बसवलेत, म्हणजे छताला चिकटवलेले पांढरे डबे. हे डबे एकेकटे काही कामाचे नसतात. जागे झाले की आधी डीएचसीपी सर्व्हरला विचारतात, "माझा पत्ता काय?" सर्व्हर पत्ता देतो आणि सोबत एक चिठ्ठी देतो, की तुमचा कंट्रोलर अमुक ठिकाणी बसतो, तिकडे जाऊन हजर व्हा. त्या चिठ्ठीला आमच्यात ऑप्शन त्रेचाळीस म्हणतात. कंट्रोलर भेटला की तो त्यांना कामाला लावतो. माझ्या बेचाळीसही डब्यांना पत्ता मिळतो, चिठ्ठी मिळते आणि कंट्रोलर काही मिळत नाही. दिवसभर नुसते हिरवा, नारिंगी, हिरवा, नारिंगी करत बसलेत.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "हे काम केलंय का कधी?" मी म्हणाले, "अनेकदा." अनेकदा म्हणजे दोनदा. त्यातलं एकदा तुझ्या घरी, जेव्हा सगळं तू केलंस आणि मी शिडी धरली.

तीन महिन्यांची उमेदवारी आहे, ती वीस तारखेला संपते. त्याच दिवशी लहान मुलांचा वॉर्ड नव्या इमारतीत जायचाय. नर्सेसच्या हातातले फोन या डब्यांवरच चालतात. फोन लागत नाहीत तोवर मोठ्या सिस्टर वॉर्ड हलवणार नाहीत, आणि वॉर्ड हलला नाही तर साहेब मला हलवतील. कालपासून मी सगळ्यांना "होईल, होईल" म्हणत फिरतेय. काय होईल ते मला स्वतःला माहीत नाही.

तुझी भाची

ता. क. हॉस्पिटल कोणतं ते आईने सांगितलंच असेल. चौकातलं जुनं, ज्याच्या जिन्यात जाळीच्या पिंजऱ्याची लिफ्ट आहे ते.

५ जून

भाचीबाई,

"तब्येत सांभाळ" हे मी पूर्ण विचार करून म्हणालो होतो. नोकरी लागली की पहिली तब्येतच जाते. (हे खोटं आहे, याला काही ऐकू आलं नव्हतं, असं मागे उभी राहून तुझी मामी सांगतेय.)

आता काम. त्या चिठ्ठीत कंट्रोलरचा पत्ता तू कसा लिहिलास? समज पत्ता दहा, वीस, चार, पंधरा असा आहे. तो तसाच्या तसा आकड्यांत उतरवायचा नसतो. यंत्र तिथे सोळाच्या हिशोबाने वाचतं. दहाला शून्य-ए, वीसला एक-चार, पंधराला शून्य-एफ असं लिहावं लागतं. त्याच्याआधी पुढे किती मजकूर येतोय त्याची लांबीही द्यावी लागते. तू दहाला एक-शून्य लिहिलं असशील तर यंत्र त्याला सोळा समजतं. सगळ्यांची एकदा तरी फजिती होते इथे. माझी तीनदा झाली, पण तिन्ही वेळा मी वायरीला दोष दिला.

चिठ्ठी सुधारलीस की डबे बंद करून पुन्हा चालू कर. त्याशिवाय ते नवी चिठ्ठी मागत नाहीत.

पिंजऱ्याची लिफ्ट अजून चालते का? तिसऱ्या मजल्यावर अडायची. म्हणजे, तसल्या लिफ्टा अडतातच कुठे ना कुठे.

तुझा मामा

७ जून

मामा,

एक-शून्यच लिहिलं होतं. माझे डबे तीन दिवस सोळा, बत्तीस, चार, एकवीस अशा पत्त्यावर एका कंट्रोलरला हाका मारत होते, आणि तिथे आमचा कोणी राहतच नाही. बिचारे न कंटाळता मारत होते. मी खाली उभी राहून त्यांच्याच अकलेबद्दल शंका घेत होते.

सुधारलं, डबे बंद-चालू केले आणि पाच मिनिटांत एकोणतीस डबे हजर. मी खुर्चीतून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात साहेब दारात.

पण तिसऱ्या मजल्यावरचे तेरा अजून येत नाहीत. तो मजला एका पुलाने जुन्या इमारतीला जोडलाय, त्यामुळे तिथले पत्ते सर्व्हरच्या जुन्या यादीतून जातात. एका डब्याला थेट केबल लावून तो काय बडबडतो ते वाचलं. त्याला भलतीच चिठ्ठी मिळतेय! तो कुठल्यातरी जुनाट कंट्रोलरकडे जातो, तो कंट्रोलर म्हणतो "तुझ्यासारखा डबा मी जन्मात पाहिला नाही", आणि हा बापडा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

जुनी यादी उघडून बघितली, तर त्यात चौदा वर्षांपूर्वी कोणीतरी ऑप्शन त्रेचाळीस घालून ठेवलाय आणि शेजारी शेरा मारलाय: "तात्पुरते. सोमवारी काढणे."

चौदा वर्षं, मामा! कुठला सोमवार? मी त्या गाढवाचं नाव सोमवारवाला ठेवलंय. सबंध तळघरात आता तेच नाव चालतं. साहेबसुद्धा म्हणतात, "काय, सोमवारवाल्याने अजून काय काय करून ठेवलंय?" असल्या माणसांना कोण कामावर ठेवतं? आणि तो जुना कंट्रोलर आहे तरी कुठे? पत्त्याला उत्तर देतो म्हणजे चालू आहे. सर्व्हरच्या खोलीत नाही, कागदोपत्री कुठे नाही.

तुझी भाची

८ जून

भाचीबाई,

एकोणतीस आले, शाब्बास. टाळ्या वाजवताना दार लावत जा.

त्या माणसाला एकदम गाढव म्हणालीस ते मला जरा जास्त वाटलं. असेल बिचाऱ्याला घाई. "सोमवारी काढणे" लिहिलंय म्हणजे काम शुक्रवारी केलेलं असणार, एवढा तर्क मलाही येतो. शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या सिस्टर डोक्यावर येऊन उभ्या असतील, "आज फोन सुरू झाल्याशिवाय तुम्ही घरी जायचं नाही" म्हणून. मुख्य कंट्रोलर आलेला नसेल. मग माणूस जवळचं एखादं जास्तीचं खोकं लावून वेळ मारून नेतो. सोमवारी त्याला दुसऱ्या कामावर धाडलं असेल. निदान शेरा तरी मारून ठेवला, बाकीचे तेवढंही करत नाहीत.

अशी तात्पुरती खोकी सर्व्हरच्या खोलीत नसतात. जिथे वीज आहे, वायर पोचते आणि कोणी फिरकत नाही अशा जागी असतात. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रेकॉर्ड रूम असेल तर तिथल्या सगळ्यात वरच्या फळीवर बघ, दारातून शिरताना डाव्या हाताला. किंवा उजव्या. मला काय माहीत.

मामा

१० जून

मामा!!

डाव्या हाताला!

एक्स-रेच्या जुन्या पाकिटांच्या मागे, बोटभर धुळीखाली, दोन दिवे लुकलुकतायत. मी शिडीवर उभी राहून त्याला चक्क नमस्कार केला. तू तिकडे खुर्चीत बसून इथली फळी सांगतोस म्हणजे काय! आई उगाच नाही तुझे गोडवे गात. "माझ्या भावाच्या हातून एकतीस वर्षांत एक चूक झाली नाही" हे वाक्य ऐकून ऐकून मला तुझा राग यायचा, ते आज मागे घेतलं. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असा माणूस एकदा बघायला पाहिजे."

आता जेवून घेते, मग वर जाऊन त्या खोक्याची वायर काढते. सोमवारवाल्याचा सोमवार एकदाचा उजाडू दे.

तुझी भाची

११ जून

मामा,

कालचा मेल वाचला नसशील तर वाचू नकोस.

वायर काढली. हात झटकले. शिडीवरून उतरते आहे तोवर शेजारून कोणीतरी धावत आलं. रेकॉर्ड रूमच्या भिंतीपलीकडे नवजात बाळांची खोली आहे, अवघड बाळंतपणातली, काचेच्या पेट्यांत ठेवलेली बाळं. तिथे छताला चार जुने डबे आहेत आणि त्यांच्यावर नर्सेसचे नऊ फोन. ते चौदा वर्षं या फळीवरच्या खोक्यावर चालत होते. हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

वायर लगेच परत लावली, पण त्या म्हाताऱ्या खोक्याला उठायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मोठ्या सिस्टरनी दर दारात एक एक नर्स उभी केली आणि निरोप पळत पळत पोचवले. कुठल्याही बाळाला काही झालं नाही. हे वाक्य मी कालपासून स्वतःला सांगतेय, तुलाही सांगून ठेवते. दिवे हिरवे झाल्यावर सिस्टर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तुमच्या वायरी तुम्हाला लखलाभ. माझी बाळं त्यांच्यावर टांगू नका." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांना चौदा तारखेला अहवाल हवाय. त्यात दोन रकाने आहेत, "कारण" आणि "जबाबदार व्यक्ती". ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "जुन्या माणसाने काही नोंदच ठेवली नव्हती, तसं लिहा. स्टोअरच्या फायलीत त्याने सही केलेला काम पूर्ण झाल्याचा कागद असेल. त्याचं नाव घाला आणि मोकळ्या व्हा." खरं सांगू, मला हायसं वाटलं. नाहीतर उमेदवारी संपायच्या आधी मीच संपते.

आता स्टोअरमध्ये जातेय तो कागद काढायला. एकदा नाव कळू दे त्याचं.

भाची

१३ जून

बाळ,

तो कागद उघडला नसशील तर आधी हे वाच.

सोमवारवाला मी आहे.

तुझ्या पहिल्या मेलमधली लिफ्ट वाचली तेव्हाच मला कळलं होतं तू कुठे बसली आहेस ते. आमच्या कंपनीला नवजात बाळांच्या खोलीतल्या फोनचं काम मिळालं होतं. अकरा दिवसांचं. मुख्य कंट्रोलर आलाच नाही आणि शुक्रवारी संध्याकाळी एक सिस्टर खरोखरच डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या. मी गाडीतलं जास्तीचं खोकं फळीवर चढवलं, शेरा मारला, कागदावर "काम पूर्ण" म्हणून सही ठोकली आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. सोमवारी मला दुसऱ्या गावी पाठवलं. मंगळवारी फोन करून सांगू म्हटलं. मग पुढच्या आठवड्यात. मग इतके दिवस झाले की फोन करायचीच लाज वाटायला लागली, आणि शेवटी मी ठरवलं की कोणीतरी काढलं असेल. सगळ्यांनी असंच ठरवलं असणार, म्हणून ते अजून तिथे आहे.

इथपर्यंत मी नुसता आळशी ठरतो. तेवढ्याने भागलं असतं तर मी दात काढत कबूल केलं असतं. पुढचं वाच.

आठ तारखेच्या मेलमध्ये मी एक वाक्य लिहिलं होतं: "त्या खोक्यावर बाळांच्या खोलीतले फोन आहेत, हात लावू नकोस." लिहिलं आणि खोडलं. कारण ते मला कसं माहीत, असं तू विचारलं असतंस. फळी सांगायची तर हुशारी वाटली, फोन सांगायचे तर पकडला गेलो असतो. म्हणून मी अर्धंच सांगितलं. तू मला देव करत होतीस आणि मला ते आवडत होतं. तुझ्या आईच्या त्या वाक्यावर मी एकतीस वर्षं मिरवलोय, एकदाही "ताई, तसं नाही" म्हणालो नाही.

दहा तारखेचा तुझा मेल मी दुपारी वाचला. "वायर काढते" पाशी आल्यावर फोन उचलला, आणि तुमच्या तळघरात रेंज नाही हे मला आठवलं. तुला नंबर लावून मी तसाच बसून राहिलो. हॉस्पिटलच्या नंबरवर करायला हवा होता. ते मला सुचलं नाही, की मी सुचू दिलं नाही, याचा विचार करतोय.

माझं नाव घाल. दोन्ही रकान्यांत घाल.

मामा

१४ जून

मामा,

कागद मी अकरा तारखेलाच बघितला होता, तुला मेल पाठवल्यावर तासाभरात. खालची सही ओळखायला नाव वाचायची गरज पडली नाही. बाबा बाहेरगावी असले की माझ्या प्रगतिपुस्तकावर तू हीच ठोकायचास.

मग दोन दिवस मी वाट बघितली, तू स्वतःहून लिहितोस का ते. तू लिहिलंस. लिहिलं नसतंस तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही, आणि ते शोधायची वेळ आली नाही हे बरं झालं.

मला तुझा राग आलाय. सोमवारचा नाही. काल माझी स्वतःची वही चाळली, तीन महिन्यांत मीच सात ठिकाणी "तात्पुरते" लिहून ठेवलंय. राग आठ तारखेचा आहे. मी तुझ्यावर विसंबून शिडीवर चढले होते. तू खाली उभा राहून शिडी धरायच्या ऐवजी स्वतःची अब्रू धरून उभा होतास. हे लिहिताना मला रडू येतंय, आणि समोर साहेब चहा पीत बसलेत, म्हणून स्क्रीनकडे बघून सर्दी झाल्याचं नाटक करतेय.

अहवाल दिला. जबाबदार व्यक्ती दोन: आधी मी, मग तू. तुझ्यापुढे कंसात "नात्याने मामा" असं लिहिलंय, उद्या दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "मी सांगितलं होतं त्यापेक्षा हे फार वाईट आहे. तुमच्या बाबतीत काय ते वीस तारखेला सांगतो."

एक अडचण आहे. बाळांच्या खोलीतले फोन नव्या कंट्रोलरवर आणायचे तर आधी त्या जुन्या खोक्यात शिरावं लागेल, आणि त्याचा पासवर्ड कोणाकडेच नाही. सतरा तारखेला सकाळी दहाला ये. मोठ्या सिस्टरसुद्धा असणार आहेत.

भाची

१५ जून

येतो.

मामा

२१ जून

भाचीबाई,

सतरा तारखेला तू तिथेच होतीस, तरी लिहितो. माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते तुला ठाऊक नाही.

दारात पाय ठेवला तेव्हा मला वाटत होतं, त्या शुक्रवारच्या सिस्टर याच, आणि त्या मला ओळखतील. चौदा वर्षं मी त्या बाईंना घाबरून आहे. स्वप्नात त्या मला कित्येकदा रागावल्यात. मी पुढे होऊन, मान खाली घालून सांगितलं, "तो मीच." त्यांनी चष्मा वर केला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "कोण? मला नाही आठवत." चौदा वर्षांची माझी टोचणी त्या बाईंच्या खिजगणतीतही नव्हती! मग म्हणाल्या, "फोन मात्र कधी बंद पडले नव्हते, तुमच्या भाचीने वायर काढेपर्यंत." तुझा चेहरा बघून मला हसू आलं, आणि मी हसतोय हे बघून तुलाही आलं. त्या सकाळी तू माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसलीस, हे मी मोजलंय.

पासवर्ड टाइप करताना तुला तोंड फिरवायला सांगितलं ते सुरक्षेसाठी नव्हतं. तो इतका बाळबोध आहे की तुझ्यासमोर टाकायची लाज वाटली. एकतीस वर्षं मी लोकांना कठीण पासवर्ड ठेवा म्हणून उपदेश केलाय.

नंतरचं काम तू केलंस. आधी जास्तीचे फोन नर्सेसच्या हातात दिलेस, मग एकेक जुना डबा काढून नवा लावलास, आणि दर फोनवरून सिस्टरना स्वतः बोलायला लावलंस. नऊही फोन लागल्याचं त्यांच्या तोंडून वदवून घेतल्यावरच जुन्या यादीतली चिठ्ठी बदललीस. तेरा डबे आले, शेवटचा यायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत मी मनात तीन सबबी तयार ठेवल्या होत्या. सवय आहे. खोक्याची वायर मला काढायला दिलीस त्याबद्दल आभारी आहे.

काल वॉर्ड हलला आणि तुझी उमेदवारी तीन महिने वाढवली, हे तू मामीला फोनवर सांगितलंस. तुला पक्कंही केलं नाही आणि काढलंही नाही. मामी म्हणते, सुटली. मला वाटतं साहेबांनी बरोबर केलं, आणि तुलाही तसंच वाटतंय असं मामीला तुझ्या आवाजावरून वाटलं.

आता जे सांगायला बसलो ते. सतरालाच साहेबांनी तुझा अहवाल माझ्यापुढे ठेवला होता. असे कागद मी शेकड्याने भरलेत. कारणाच्या रकान्यात मी "वीजपुरवठा" लिहिलंय, "वायर सदोष" लिहिलंय, "तांत्रिक बिघाड" तर इतक्यांदा लिहिलंय की हात आपोआप वळतो. तू लिहिलं होतंस, "खोकं कशाला जोडलं आहे हे न विचारता मी त्याची वायर काढली." एवढंच. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग साहेबांसमोरच तुला म्हणालो, वयाने मोठा आहे, निदान माझं नाव तरी आधी घाल. तू म्हणालीस, "वायर मी काढली, मामा." साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मीही बघितलं असतं, पण खिडकी एकच होती.

असं वाक्य मला एकतीस वर्षांत एकदाही लिहिता आलं नाही. म्हणून सरावाला बसलोय. मामीला सगळं सांगून झालं, खोडलेल्या ओळीसकट. ती एक दिवस बोलली नाही, आता बोलतेय, आणि बरंच बोलतेय. उद्या तुझी आई जेवायला येतेय. तिला तू काही सांगितलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. सांगूही नकोस. माझ्या मोठ्या बहिणीसमोर मला कसं उभं राहता येतं ते मला बघायचंय.

पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवलंय, ऐन वेळी वायरीवर घसरायला नको म्हणून: "ताई, तुझ्या मुलीची नोकरी जाता जाता राहिली, आणि ती मी घालवत होतो."

मामा